सतराशेची गेम स्टिक आणि आण्णांचा बत्तासा

आमच्या दुकानात व्हिडिओ गेम दुरुस्त झाला की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरायचं. बत्तासा दबतो का, ते बघायचं.

बत्तासा म्हणजे 'मारिओ' या व्हिडिओ गेममध्ये समोर येणारा सगळ्यात पहिला गडी. तपकिरी डोकं, रागानं खाली आलेल्या भुवया, हात नाहीत, नुसते पाय, आणि त्या पायांना एकच काम, समोर चालत राहायचं. त्याचं खरं नाव गुंबा आणि जपानात कुरिबो, हे मला फार पुढं कळलं. आमच्या शिवाजी पेठेत १९९६-९७ साली पोरं त्याला मशरूम, भूत, घुबड, काहीही म्हणायची. बत्तासा हे नाव आमच्या आण्णांचं. एक तर त्याच्यावर उडी पडली की तो बत्ताशासारखा चपटा होतो. दुसरं कारण कुस्तीचं. आण्णा तरुणपणी तालमीत जाणारे. जत्रेच्या मैदानात मोठ्या जोडी लागायच्या आधी बारक्या पोरांच्या कुस्त्या होतात, रेवड्या-बत्ताशांवर, फार तर नारळावर. कोण जिंकलं हे तिथं कुणी लक्षात ठेवत नाही, पण माती नीट उकरलीय का, हलगीवाला आलाय का, पंच जागेवर आहेत का, हे सगळं त्याच कुस्तीत कळतं. हा गडी आण्णांच्या मते त्यातला. बत्ताशावरचा.

त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान अर्ध्या शिवाजी पुतळ्याच्या जवळ होतं. आता नाही. चपटे टीव्ही आले आणि दुरुस्तीच्या जागी 'पॅनेल बदला' सुरू झालं, तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं. पण त्या काळात मे महिन्याची सुट्टी लागली की टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमच जास्त यायचे. ॲडॉप्टरची वायर पायात येऊन तुटलेली, आतला ७८०५ रेग्युलेटर उडालेला, रिमोटच्या बटणाखालचं कार्बनचं रबर झिजलेलं. (त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी कापून चिकटवायची. महिनाभर चालायचं. मग परत यायचे.) कॅसेटच्या पिना काळ्या पडलेल्या असायच्या, कारण प्रत्येक पोराला वाटायचं की फुंकर मारली की कॅसेट चालते. आण्णा म्हणायचे, "फुंकून थुंकी आत जाती. खोडरबर आण तुझं." माझी खोडरबरं शाळेत कधी पुरली नाहीत.

मी सहावी-सातवीत. माझं काम एवढंच, की झाकणाचे स्क्रू लावायच्या आधी मारिओ लावून बत्ताशापर्यंत जायचं. आज शाळेत विज्ञान शिकवते म्हणून सांगते, तपासणीची यापेक्षा चांगली युक्ती मला सुचली नसती. तो गडी सोळा बाय सोळा ठिपक्यांचा, आठ बाय आठच्या चार फरशा जोडून केलेला. कॅसेटची एखादी पिन लागत नसली की त्या फरश्यांच्या जागी अक्षरं, जाळी, तुकडे दिसायचे. रंगात घोळ असेल तर तो करडा यायचा. उजवीकडचं बटण गेलं असेल तर तो भेटायचाच नाही, कारण पडदा पुढं सरकल्याशिवाय तो येतच नाही. उडीचं बटण गेलं असेल तर मारिओ मरायचा. आणि दबला, टप्‌ असा आवाज आला, वर शंभर गुण चढले, की चित्र, रंग, आवाज, रिमोट, सगळं एका दमात पास.

"आण्णा, दबला."

"मग बंद कर. गिऱ्हाईक उभं हाय."

त्यामुळं मी शेकडो वेळा मारिओ लावला आणि १-२, म्हणजे पहिल्या जगातला दुसरा टप्पा, मात्र जवळजवळ पाहिलंच नाही. त्या गेममध्ये आठ जगं, प्रत्येकात चार, असे बत्तीस टप्पे आहेत. माझा मुक्काम पहिल्या टप्प्याच्या पहिल्या दहा सेकंदांत.

एवढं पुराण लावलं कारण पुढचं गेम स्टिकचं परीक्षण याच मापानं केलंय. ज्यांना 'ग्राफिक्स कसे आहेत, पैसा वसूल आहे का' एवढंच हवंय त्यांनी शेवटाकडं उडी मारली तरी चालेल.

तर दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाचा यायचा होता. वय अकरा. इथं आला की दोन दिवस किल्ला करतो, तिसऱ्या दिवशी 'आत्या, बोअर होतंय' सुरू. म्हणून शाहूपुरीतल्या एका दुकानातून टीव्हीला लावायची गेम स्टिक आणली. दुकानदार २,२०० वर होता, १,७०० वर आला. "मॅडम, बिनधास्त न्या. सात दिवस चेकिंग वॉरंटी." कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक वस्तू घेणाऱ्याला चेकिंग वॉरंटी काय ते सांगायला नको. आठव्या दिवशी दुकानदार तुम्हाला ओळखत नाही.

खोक्यात काय काय आहे? बोटाएवढी काळी कांडी, तिच्या टोकाला एचडीएमआय, पोटात मेमरी कार्ड. दोन बिनवायरचे रिमोट, त्यांना प्रत्येकी दोन बारके सेल लागतात आणि ते खोक्यात नाहीत. कंपनीचं नाव कुठंच नाही. खोक्यावर '४के' आणि 'दहा हजार गेम' असं मोठ्या अक्षरांत. ४के हे टीव्हीला सांगायचं, गेमला नाही. मारिओचं मूळ चित्र २५६ ठिपके रुंद आहे, ते तुम्ही कितीही ताणा.

जोडणी सोपी, एक गोष्ट सोडून. स्टिकला वीज यूएसबीतून लागते आणि माहितीपत्रकात ती टीव्हीच्याच यूएसबीत घालायला सांगितलीय. आमच्या टीव्हीवर तसं केलं तर दर पाच-दहा मिनिटांनी पडदा काळा होऊन पहिल्यापासून सुरू. आण्णांनी लांबूनच सांगितलं, "करंट पुरंना झालाय त्येला." मोबाइलचा चार्जर लावला, बंद पडायचं थांबलं. घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, नाहीतर उगाच बदलून आणायला हेलपाटा.

आता बत्तासा.

संध्याकाळची वेळ. आण्णा चहात बटर बुडवून खात बसलेले. वय त्र्याहत्तर, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पण टीव्हीवर काही चालू असलं की मान तिकडं आपोआप वळते. भाच्यानं मारिओ लावला. बत्तासा आला, दबला. मी सवयीनं म्हणाले, "आण्णा, दबला."

आण्णांनी कप खाली ठेवला. "परत लाव."

परत लावला.

"मशीनमध्ये फॉल्ट हाय. बत्तासा पळालाय."

भाचा बिचारा पडद्याकडं बघत राहिला. "आजोबा, कुठे पळाला? इथेच तर आहे."

त्याला समजावून सांगावं लागलं की कोल्हापुरात 'पळालाय' म्हणजे पळून गेलाय असं नाही, आत्ता पळतोय असं. आम्ही 'काय करतेस' विचारत नाही, 'काय करालीस' विचारतो. तो म्हणाला, मग पळून गेला असेल तर काय म्हणता? मी म्हणाले, तेव्हाही पळालाच म्हणतो, तुझं तू समजून घ्यायचं.

पण आण्णा चेष्टा करत नव्हते. त्यांचं म्हणणं, गड्याची चाल जादा आहे. मला वाटलं, वय झालं, इतक्या वर्षांपूर्वीचं काय आठवणार. तरी मनात किडा वळवळला. रात्री माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम काढला. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न्यायला आलंच नाही, असला तो. सोबत चौदा इंची पोर्टेबल टीव्ही, जो आईनं तीनदा भंगारात काढला आणि आण्णांनी तीनदा परत आणला. खोडरबर फिरवलं, ॲडॉप्टर दुसरा लावला, चालला.

आणि खरंच. जुन्यावर बत्तासा निवांत येतो. नव्यावर घाईत.

मोजायला स्टॉपवॉच घेतला. मारिओच्या पहिल्या टप्प्याला ४०० चं घड्याळ असतं, ते शून्यावर आलं की मारिओ मरतो. सुरुवातीच्या जागीच उभं राहिलं तर तोपर्यंत त्याला हात लावायला कुणी येत नाही, बत्तासासुद्धा नाही. म्हणजे रिमोट बाजूला ठेवून नुसती वेळ घ्यायची. नव्या स्टिकवर ४०० ते शून्य १६० सेकंद लागले. जुन्यावर १९२. दोन्ही दोन-दोनदा मोजलं. भाचा पहिल्याच वेळी झोपला.

हिशोब वहीत मांडला तेव्हा हसू आलं. जपान-अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला साठ चित्रं येतात, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर पन्नास. आणि हा गेम सेकंद मोजत नाही, चित्रं मोजतो. दर चोवीस चित्रांनी घड्याळ एकनं उतरतं. बत्तासा दर चित्राला अर्धा ठिपका चालतो. म्हणजे जपानात तो सेकंदाला तीस ठिपके चालायचा, आणि आपल्या टीव्हीसाठी केलेल्या नकली मशीनवर (आमचं जुनं मशीन म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या मूळ मशीनची नक्कलच) पंचवीस. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायला जपानात साडेआठ सेकंद, शिवाजी पेठेत दहाच्या वर. मारिओही तितकाच हळू, गाणंही तितकंच हळू, त्यामुळं आपल्याला कधी कळलंच नाही. सगळं गावच सावकाश चालत असेल तर कोण रेंगाळतंय हे कसं समजणार?

सकाळी आण्णांना सांगितलं की नवीन बरोबर आहे, आपलंच मशीन मंद होतं. त्यांनी बराच वेळ विचार केला. "म्हंजे मी इतकी वर्षं आजारी बत्तासा पास करालो होतो?"

या बाबतीत स्टिकला पूर्ण गुण. चाल मूळ जपानी. दबल्यावर चपटा होऊन थोडा वेळ तसाच राहतो आणि मग नाहीसा होतो, तेही बरोबर. रंग बरोबर. १-२ मध्ये जमिनीखाली तो निळसर दिसतो, तोही दिसला (हो, या वयात १-२ नीट पाहिलं). एकाच ओळीत गर्दी झाली की चित्र लुकलुकतं, तेसुद्धा जुन्यासारखंच. मूळ यंत्राला एका आडव्या रेषेत आठ फरश्यांपेक्षा जास्त काढता यायच्या नाहीत. मारिओच्या दोन आणि तीन बत्ताशांच्या सहा, झाल्या आठ, त्यापुढं कुणीतरी गाळावं लागायचं. काहींना हा दोष वाटेल. मला तो लुकलुकणारा गडी बघून घरी आल्यासारखं वाटलं.

आता वाईट बातमी. बत्तासा बरोबर आहे, पण हाताला मशीन उशिरा ऐकतं.

पहिल्या दिवशी भाचा दोनदा त्याच पहिल्या गड्यावर मेला आणि म्हणाला, "आत्या, लॅग आहे." मी म्हटलं, तुझ्या अंगठ्यात आहे. मग मी मेले. मग आण्णा मेले, आणि आण्णांनी रिमोट आधी उलटा करून, मग कानाजवळ हलवून बघितला. हेही मोजलं. मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन असतं. एका चौकटीत अंगठा आणि पडदा दोन्ही येतील असं धरून चित्रण केलं आणि बटण दबल्यापासून मारिओचे पाय सुटेपर्यंत चित्रं मोजली. अडतीस. म्हणजे जवळजवळ सेकंदाचा सहावा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण चालणारा मारिओ दर चित्राला दीड ठिपका पुढं जातो, बत्तासा अर्धा ठिपका त्याच्याकडं येतो. तेवढ्या वेळात दोघांमधलं अंतर एकोणीस ठिपक्यांनी घटतं. बत्तासा स्वतः सोळा ठिपक्यांचा. म्हणजे तुम्ही नेमक्या वेळी उडी मारलीत तरी ती सुरू व्हायच्या आत तो तुमच्या अंगावर.

निम्मा दोष टीव्हीचा निघाला. नवे टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात ते उशिरा दाखवतात. सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू केला तर अडतीसचे एकवीस झाले. कुणाच्याही घरी असली स्टिक असेल तर आज संध्याकाळी एवढं करा, पैसे लागत नाहीत. एकवीसवर खेळता येतं. जुन्या मशीनवर, त्या चौदा इंची डबड्यावर, मात्र बटण दाबलं की मारिओ उडालेलाच असतो, मोजायलासुद्धा फारसं काही उरत नाही. हा फरक आकड्यात लहान आणि अंगठ्यात फार मोठा आहे. जुना बत्तासा चालीला खोटा आणि हाताला खरा, नवा चालीला खरा आणि हाताला खोटा. यातला कुठला खोटेपणा चालवून घ्यायचा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी विकत घेताना चालीला मार्क देईन, खेळताना हाताला.

मधल्या काळात भाच्यानं एक प्रश्न विचारला, जो मला लहानपणी पडायला हवा होता. "इतका फालतू शत्रू ठेवलाच कशाला? नुसता चालतो." मग मी वाचून सांगितलं. सुपर मारिओ ब्रदर्स जपानात १३ सप्टेंबर १९८५ ला आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. पहिला शत्रू म्हणून आधी कासव होतं. पण कासवावर उडी मारायची, मग ते कवचात जातं, मग कवच लाथाडायचं, हे नवख्याला पहिल्याच दमाला जड जायला लागलं. म्हणून अगदी शेवटी, गेम जवळजवळ तयार झाल्यावर, एक साधा गडी हवा झाला. उडी मारली की मेला, बास. पण तोवर कॅसेटमध्ये जागाच उरली नव्हती. अख्खा गेम ४० किलोबाइटांत बसवलेला. आज तुमच्या व्हॉट्सॲपवर आलेला 'शुभ सकाळ'चा फोटो त्याहून मोठा असतो. मग त्यांनी काय केलं, गड्याचं एकच चित्र काढलं आणि तेच आरशात धरल्यासारखं डावीकडून उजवीकडं उलटत ठेवलं. पाय हलल्यासारखे वाटतात, प्रत्यक्षात तो सारखा कूस बदलत असतो.

हे वाचल्यावर मी स्टिक थांबवून दोन्ही चित्रं पडद्याला नाक लावून बघितली. खरंच आरसा आहे. इतकी वर्षं मी त्याला चालणारा समजत होते.

आण्णांना हे फार आवडलं. उरलेल्या कापडात चड्डी शिवली म्हणाले. आणि त्याची पहिल्या जागेवरची नेमणूकही त्यांना पटली, कारण पहिली कुस्ती बत्ताशावरचीच लागते, थेट किताबाची लागत नाही. तो समोरून येतो, तुम्हाला धक्का बसतो, तुम्ही घाबरून उडी मारता, चुकून त्याच्यावर पडता आणि तो मरतो. झाली शिकवणी. पुढं ठोकळ्यातून जी अळंबी निघते (ती खाल्ली की मारिओ मोठा होतो), ती नळीवर आपटून तुमच्याकडंच वळते, तेव्हा शिकवलेलंच उलटं वापरायचं असतं, हिच्यापासून पळायचं नाही. आणि गेमच्या माहितीपुस्तिकेतली गोष्ट अशी की हा गुंबा मुळात त्या अळंबीच्याच राज्यातला, फितूर झालेला. भाऊबंदकी. हे कोल्हापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्वभावानं मात्र तो फितूर वाटत नाही. दुसऱ्या बत्ताशाला धडकला तर भांडत नाही, वळतो. खड्डा आला तर थांबत नाही, सरळ आत जातो. लाल कासव तेवढं हुशार, कडेवरून परत फिरतं. जमिनीला पाय न लावता एकामागून एक बत्तासे दाबत गेलात तर गुण शंभर, दोनशे, चारशे, पाचशे, आठशे असे चढतात. भाच्याला हे सांगितल्यापासून शेवटी सोडवायच्या राजकन्येचं नाव निघालं नाही, दोन दिवस नुसतं बत्ताशांवर उड्या. आणि एकदा गेम पूर्ण जिंकून पुन्हा सुरू केला की बत्ताशांच्या जागी काळ्या कवचाचे भुंगे येतात, त्यांना आगीचा गोळा लागत नाही. आम्ही तिथवर गेलो नाही. माझी तशी इच्छाही नाही. बत्तासा नसलेला मारिओ बघून मी काय करू?

बाकीचं भराभर सांगते. दहा हजार गेम ही थाप. एकच गेम चार नावांनी, जपानी आवृत्ती वेगळी, अमेरिकी वेगळी. आपल्या लहानपणी कॅसेटवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत तेच चार-पाच गेम वेगवेगळ्या टप्प्यांपासून सुरू व्हायचे, त्याच घराण्याची ही चीज आहे. काँट्रा आहे, रोड फायटर आहे, आपण ज्याला इस्लंडर म्हणायचो तो ॲडव्हेंचर आयलंड आहे, तिथली गोगलगाय आहे. बदकं मारायचा डक हंटही यादीत आहे, पण बंदूक कुठाय? आणि असती तरी चालली नसती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, ती चमक बंदूक ओळखते. ती जुन्या काचेच्या टीव्हीसाठीच केलेली, चपट्या टीव्हीवर आंधळी होते. परवान्याबद्दल मी दुकानात विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही. ज्यांना सगळं कायदेशीर हवंय त्यांच्यासाठी निन्टेन्डोच्या स्विचवर वर्गणी भरून हाच मारिओ खेळता येतो, पण स्विचच्या किमतीत अशा कितीतरी स्टिक येतील.

रिमोट हलके, खेळण्यातल्यासारखे. बटणं खटखट वाजतात, दिशेचं बटण वर दाबलं तर कधीकधी उजवं लागतं. दोनपैकी एक चौथ्या दिवशी मेला. दुकानात नेला तर आधी "सेल बघा", मग "टीव्ही बघा", मग "उद्या मालक आल्यावर बघू". उद्या मालक आले नाहीत. सहाव्या दिवशी आण्णा स्वतः सोबत आले, काही बोलले नाहीत, काउंटरवर ठेवलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं रिमोट उघडला, सेलची सुटलेली वायर दाखवली आणि म्हणाले, "डाग देतोस का बदलून देतोस?" बदलून मिळाला. आई घरी वाट बघत होती. आम्हाला दारात बघून म्हणाली, "मला वाटलं भांडान करून आलासा काय. मी तर यायलोच होतो मागनं." (पुण्याचा भाचा अजून या 'यायलो होतो'वर अडकलाय. आजी असं का बोलते, हे त्याच्या शाळेत कुणी शिकवलेलं नाही.)

कुणी घ्यावी? घरात आठ-बारा वर्षांची पोरं असतील, टीव्हीला गेम मोड असेल आणि चार्जर मोकळा असेल, तर १,७०० ला हरकत नाही. २,२०० ला हरकत आहे. दुकानातून निघण्यापूर्वी तिथल्याच टीव्हीवर लावून घ्या आणि बत्तासा दाबून बघा, दोन्ही रिमोटनी. दुकानदार हसेल. हसू दे. ज्यांनी लहानपणी ते नकली मशीन वापरलंय आणि तोच हात परत हवाय, त्यांनी मात्र स्टिक न घेता माळा शोधावा.

एक गोष्ट राहिली. भाचा परत जायच्या आदल्या रात्री मेनूत उगाच चाळत होता, तेव्हा 'रीजन' नावाचा पर्याय सापडला. त्यात एनटीएससी (जपान-अमेरिकेची साठ चित्रांची पद्धत), पाल (पन्नास चित्रांची) आणि डेंडी असे तीन. आधी पाल लावलं. चाल उतरली, पण गाण्याचा सूरही जवळजवळ एक पट्टी खाली आला, बाजाच्या पेटीत हवा कमी असल्यासारखा. आण्णांनी लगेच मान हलवली, "आवाज पडलाय." मग डेंडी लावलं. डेंडी हे रशियात विकल्या गेलेल्या अशाच नकली मशीनचं नाव, १९९२ च्या शेवटी तिकडं आलेलं. ते आपल्यासारखंच पन्नास चित्रांचं, पण त्याचं काळीज जवळपास जपानी वेगानं चालायचं, म्हणून सूर तोच राहतो आणि फक्त लय सावकाश होते. गाणं सुरू झालं आणि माझ्या नाकात सोल्डरिंगच्या धुराचा वास आला, हे खोटं वाटेल, पण आला. घड्याळ लावलं. ४०० ते शून्य, १९२ सेकंद.

भाचा म्हणाला, "हे स्लो आहे, बोअर आहे." आण्णा म्हणाले, "आता कसा माणसासारखा चालालाय."

भाचा गेला, स्टिक राहिली. रोज संध्याकाळी चहानंतर आण्णा बसतात, फार तर अर्धा तास, १-१ च. स्टिकमध्ये एक खोड आहे, बंद करून चालू केली की ते डेंडी विसरते आणि परत साठवर जाते. त्यांना मेनूतलं इंग्रजी बारीक दिसत नाही. त्यामुळं पेपर तपासताना रोज साडेसहाच्या सुमारास बाहेरच्या खोलीतून हाक येते.

"अगं ये, परत पळालाय बघ ह्यो."